वारस म्हणून नेमलेली व्यक्ती

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेची बातमी मी नेहमी सभेच्या आधी लिहीत असे. एका गुजराती दैनिकाच्या शहर पानावर मी सत्तावीस वर्षे उपसंपादक होतो. सभा रविवारी संध्याकाळी असे आणि पान सात वाजता लागे, म्हणजे छपाईसाठी पक्के होई. म्हणून चिटणीस शुक्रवारीच कागद पाठवत आणि मी शनिवारी चार ओळी तयार ठेवी. अध्यक्षांची सर्वानुमते फेरनिवड, अहवाल सर्वानुमते मंजूर, शेवटी अत्तर-गुलाब आणि पानसुपारी. सभेला मी स्वतः हजर असे. ती माझ्या चार ओळींच्या बाहेर कधी गेली नाही.

एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचे पाणी रस्त्यावर आले आणि सभा पुढे ढकलली गेली. बातमी मागे घ्यायला मी विसरलो. सोमवारी ती छापून आली. न झालेल्या सभेत अध्यक्षांची सर्वानुमते फेरनिवड झाली होती. दिवसभर मी फोनची वाट पाहिली. अध्यक्षांचा आला नाही, चिटणिसांचाही नाही. पंधरा दिवसांनी सभा खरोखर झाली, तेव्हा तिची पुन्हा बातमी हवी असे कुणाला वाटले नाही.

तक्रार एकच आली. तरसालीत आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एक वहिनी पेपर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या लग्न होऊन जळगावकडून बडोद्याला आलेल्या. नवरा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिटर. मंडळाचे वाचनालय रोज चार ते सात त्याच उघडत, बिनपगारी. किल्ली त्यांच्या पदराला असे.

“भाऊ, सभा झाली?”

“नाही.”

“मग हात कोणी वर केले?”

“हात कोणी करत नाही. टाळ्या वाजवतात.”

“त्या तरी कोणी वाजवल्या?”

मी दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा छापला. त्याचीही कुणी दखल घेतली नाही.

मंडळ संस्थानच्या काळातले आहे. ज्यांनी ते काढले ते दरबारचे अधिकारी होते आणि घटनाही त्यांनीच लिहिली. तिच्यात सभासदांचे दोन प्रकार आहेत. मूळ घराण्यांतले ते आजीव सभासद. मत त्यांनाच आणि त्यांची जागा वारसाकडे जाते. बाकीचे साधारण सभासद. रेल्वेतले, रिफायनरीतले, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांतले. हे दरवर्षी वर्गणी भरतात, पुस्तके नेतात, गणपतीत मांडव बांधतात. त्यांना मत नाही. माझे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते आणि मूळ यादीत त्यांचे नाव होते, म्हणून मला मत होते. त्यासाठी मी काहीही केलेले नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी कार्यकारिणीने ठराव आणला: वाचनालय बंद करून त्या जागी समारंभांसाठी एसी हॉल करायचा. वहिनींनी विचारले, “मी यावर काय करू शकते?” मी घटना काढून वाचली आणि सांगितले, काही नाही.

“गांधीनगरला कोण बसायचं ते मी ठरवते. दिल्लीला कोण ते ठरवते. इथं पंखा कुठं लावायचा ते नाही ठरवू शकत?”

दिल्लीबद्दलही त्या थोड्या उदार होत्या. उमेदवार वर ठरतो आणि आपण खाली बोटाला शाई लावून घेतो, हे मी सत्तावीस वर्षे छापले आहे. विरोधातले अर्ज शेवटच्या दिवशी मागे घेतले जातात आणि वॉर्ड बिनविरोध होतो, हेही छापले आहे. पण तिथे निदान यादीत नाव असते. नाव आहे म्हणून दर पाच वर्षांनी कुणीतरी दारात येऊन हात जोडतो. मंडळात वहिनींच्या दारात येण्याचे कुणाला कारण नव्हते.

आम्ही दोघे अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. माणूस सभ्य. त्यांनी वहिनींना आधी खुर्ची दिली आणि स्वतः नंतर बसले.

“शाळा कोणी काढल्या? राजांनी. गावोगाव वाचनालयं कोणी दिली? राजांनी. मतपेटीनं काय दिलं, सांगा पेपरवाले.”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. माझ्या घरात हे वाक्य लहानपणापासून ऐकलेले होते आणि त्यातली माहिती खरी आहे. वहिनी मात्र लगेच बोलल्या.

“दिलं ते चांगलंच दिलं, रावसाहेब. पण त्यांनी दिलं नसतं तर लोक काय करणार होते? आता तुम्ही वाचनालय काढून घेताय, तर आम्ही काय करायचं?”

“आमच्यावर विश्वास ठेवायचा.”

“ठेवला होता,” त्या म्हणाल्या.

सभेत मी ठराव मांडला: तीन वर्षे वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला मत असावे. त्याआधीचीही एक गोष्ट नोंदवायला हवी. रावसाहेब आत आले की सगळी सभा उठून उभी राहते, दरबारात राहत असावी तशी. खिशात ठराव असताना मीही उठलो.

ठराव वाचून झाल्यावर चिटणिसांनी विचारले, “अनुमोदन?” कुणी बोलले नाही. पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक चष्मा पुसू लागले. आदल्या दिवशी त्यांनी मला फोनवर ‘अगदी बरोबर आहे तुमचं’ असे सांगितले होते. मागे भिंतीलगत साधारण सभासद बसले होते, वहिनी त्यांच्यात. बोलू शकणाऱ्यांपैकी कुणी बोलत नव्हते आणि ज्यांना बोलायचे होते त्यांना बोलता येत नव्हते.

“जवा दो ने, भाऊ, सोडून द्या,” चिटणीस हळूच म्हणाले. “अनुमोदन नाही म्हणजे ठराव नाही. इतिवृत्तात पण घेत नाही आपण.”

एसी हॉलचा आराखडा तयार नव्हता, म्हणून तो विषय पुढच्या वार्षिक सभेवर गेला. अत्तर-गुलाब सुरू झाले. ते घराण्यांच्या जुन्या यादीप्रमाणे लावतात. भिंतीपर्यंत पोहोचेस्तोवर अत्तरदाणी बहुधा रिकामी झालेली असते. मी माझा हात मागे घेतला.

त्या आठवड्यात मी घटना पुन्हा वाचली, मजकूर तपासावा तशी, शब्दाशब्दावर बोट ठेवून. कलम असे आहे: सभासद हयात असतानाही लेखी पत्राने आपली जागा वारसास देऊ शकेल, वारस म्हणजे सभासदाने वारस म्हणून नेमलेली व्यक्ती. रक्ताच्या नात्याचा उल्लेख नाही. तो विसरून राहिलेला नाही. घटना लिहिणाऱ्यांच्या कितीतरी घरांत दत्तक होते. रक्त लिहिले असते तर त्यांचीच मुले बाहेर पडली असती. आपली जागा कुणी घराबाहेर देईल, हे मात्र त्यांच्या मनात आले नाही.

पुण्याला मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, मला काय करायचंय त्या मताचं? द्या ना.”

वहिनींना वारस नेमणारा कागद मी लिहिला. त्यांनी तो वाचला आणि परत केला. “मला तुमचं मत नको. माझं पाहिजे.”

“ते मिळवायला सभेत बोलावं लागतं. बोलायला हे लागतं.”

“म्हणजे वरनं खाली दिलेलंच झालं. उद्या बाकीच्या बायका म्हणतील, ही त्यांच्यातली झाली.”

त्यांनी दोन दिवस घेतले, मग आल्या. “सही करते. पहिला ठराव तुमचाच मांडीन, शब्दही न बदलता. आणि सगळ्यांना मत मिळालं की ही जागा तुमची तुम्हाला परत. मी माझ्या वर्गणीवर बसेन.”

पत्र रावसाहेबांनी दोनदा वाचले. “या वयात दत्तक घेताय? आणि वारस सभासदापेक्षा दोन वर्षांनी मोठा?”

“कलमात वयाची अट नाही.”

“शंभर वर्षांत असं कुणी केलं नाही.”

“कलम मात्र तेव्हापासून आहे.”

त्यांनी वकिलाला विचारले. तीन आठवड्यांनी नोंद झाली. चिटणीस रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “तुम्ही घराण्याचं नाव घालवलंत.” मी म्हणालो, घराण्यात एक कारकून होता आणि त्याने अर्ज नियमाप्रमाणे आहे की नाही एवढेच पाहिले असते.

सभा या रविवारी आहे. मला आता मत नाही. मी मागे भिंतीलगत बसेन आणि रावसाहेब आत येतील तेव्हा बसून राहीन. वाचनालयाचा विषय पाचवा आहे, वहिनींचा ठराव चौथा. अनुमोदन कोण देईल, मला माहीत नाही. प्राध्यापकांनी पुन्हा फोन करून ‘अगदी बरोबर’ म्हटले आहे. ठरावाच्या कागदावर सूचकाच्या जागी वहिनींची सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे.

चिटणिसांचा कागद नेहमीप्रमाणे शुक्रवारी आला. त्यात सर्वानुमते हा शब्द चार ठिकाणी आहे. दैनिक अजूनही ही बातमी माझ्याकडूनच घेते. मी काही लिहिले नाही. शहर पानावरच्या मुलीला फोन करून सांगितले, चार ओळींची जागा ठेव, मजकूर सभेनंतर येईल.

“पण सर, पान सात वाजता लागतं.”

“थांबव,” मी म्हणालो.