बारीक झाल्याचं कौतुक

आमच्या घरातल्या बायका हाडापेरानं मोठ्या. गव्हाणला, माझ्या माहेरी, त्याचं कुणाला काही वाटत नसे. लग्न होऊन पनवेलला आले आणि मी जाड आहे हे मला कळलं. रिक्षात शेजारची बाई पदर आवरून कोपऱ्यात सरकायची. शिंपी टेप लावताना म्हणायचा, "ताई, पुढच्या वेळी कापड जरा जास्त आणा." मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिथं डबा उघडला की कुणीतरी डोकावायचंच. भात दिसला की भात बंद करा, भाकरी दिसली की एकच खा. सगळे काळजीनं बोलायचे, त्यामुळे रागावताही यायचं नाही.

मी केलं सगळं. तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारल्या, रात्रीचं जेवण सोडलं, दुधीचा रस नाक दाबून प्यायले. थोडं उतरायचं आणि गणपतीत पुन्हा चढायचं. दोष माझाच, मला जिभेवर ताबा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका उन्हाळ्यात वजन आपोआप उतरायला लागलं. मी काहीच करत नव्हते. उलट भूक अशी खवळलेली की डबा संपवून मी शाळेबाहेरच्या गाडीवरून वडापाव मागवायचे. अंगातून घामाच्या धारा, छातीत धडधड, झोप नावाला. पण साडीला निऱ्या जास्त पडू लागल्या, ब्लाउज सैल झाले आणि माणसं थांबून बघायला लागली.

"शेवटी मनावर घेतलंत!" आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि सगळ्या स्टाफला त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी म्हटलं, "अहो, मी काहीच केलं नाही." तो माझा विनय ठरला.

आई तर हरखूनच गेली. "आता कशी पोरीसारखी दिसतेस! आमी सांगत व्हतो तवा ऐकत नव्हतीस."

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत होतं. मी दुकानाच्या काचांत स्वतःला बघायला लागले होते.

एके दिवशी चहा गाळताना तो कपाऐवजी ओट्यावर सांडला. यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी माझा हात धरला. तो त्यांच्या हातातही थरथरत होता.

"हे कधीपासून आहे?"

"उकाड्यानं होतंय."

त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरांकडे गेलो. तेही आधी म्हणाले, "वा, वजन छान उतरवलंत." मग नाडी बघितली आणि लगेच रक्ताची तपासणी लिहून दिली. रक्त तपासल्यावर कळलं की थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करतंय, शरीर स्वतःलाच जाळत होतं.

"गोळ्यांनी आटोक्यात येईल," डॉक्टर म्हणाले. "हृदयावरचा ताण जाईल. वजन मात्र परत येईल."

"किती?"

"होतं तेवढं. कदाचित थोडं जास्तच."

"मग मी काय करायचं?"

"गोळी चुकवायची नाही."

शाळेत एक तरुण शिक्षिका आहे, ओवे गावाहून येते, अंगानं माझ्यासारखीच. माझं बघून ती संध्याकाळी चालायला लागली होती आणि डब्यात नुसती काकडी आणायची. तिच्यात काही फरक पडत नव्हता. तिला मी बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, हा आजार होता. मी तर तुझ्या दुप्पट खात होते."

ती हसली. "ताई, सांगायचं नसेल तर नका सांगू. माझ्यातच जिद्द नाही, मला माहितीय."

मी औषधाचं पाकीट दाखवलं. तिनं ते वाचलंही नाही.

गोळ्या लागू पडल्या. धडधड थांबली, झोप येऊ लागली. निऱ्या कमी होत गेल्या. आता टाळ्या वाजवणारी माणसं काही बोलत नव्हती, नुसती कमरेकडे बघत होती. भाचीच्या हळदीला गव्हाणला गेले तर मांडवातच एक चुलती ओरडली, "परत सुटलीस गो? एवढी म्हेनत वाया घालवलीस!"

"काकी, गोळ्यांनी होतंय."

"सगल्या असाच सांगतान." आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर मी गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. पुढं एकदा बाजारातून येताना जिना चढता चढता छातीत घोडा उधळला आणि मी मधल्याच पायरीवर बसले. यजमान वरून धावत आले. सगळं समजल्यावर ते रागावले नाहीत, माझ्याजवळ बसले. "मला तू कशीही चालशील," ते म्हणाले. मला ते खरं वाटलं, पण त्यानं काही हलकं झालं नाही. मला रोज त्यांच्या एकट्यासमोर थोडंच वावरायचं होतं?

गोळी पुन्हा सुरू झाली. ती मी रोज घेते. वजन होतं तिथं आलं आणि त्यापुढंही गेलं. यातलं गोळीचं किती आणि माझ्या जिभेचं किती, हे मी डॉक्टरांना विचारलं. तसं वेगळं काढता येत नाही, म्हणाले.

मागच्या रविवारी माहेरी गेले होते. जेवायला वाढताना आई म्हणाली, "जरा कमी खात जा गो. लोकं मला विचारतात."

"आई, ती गोळी हाय."

"गोळीनं कोन जाड व्हतं का?" असं म्हणत तिनं ताटात आणखी भात वाढला, वर बोंबलाचं कालवण घातलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी जेवले. भूक होती की नव्हती, हे आता मला ओळखता येत नाही.