फोडणीवाला मौला

शाहू महाराजांच्या राज्यात राधानगरीच्या धरणाचं काम निघालं, आणि सरदार हंबीररावांच्या कोल्हापुरातल्या बंगल्यावर गोरं साहेब जेवाय येऊ लागलं. तितनंच मौलाचं पोट दुखाय लागलं.

मौला बंगल्यावरचा जुना आचारी. मटण करायचा चांगलं, पर खरा हात कोशिंबिरीवर. काकडी बारीक चोचवायची, दाण्याचं कूट घालायचं आणि वरनं हिंग-मिरचीची चरचरीत फोडणी. हंबीरराव सरकार ताट निपटून पुसायचं. पर साहेबांसाठी म्हणून बेळगावच्या कॅम्पातनं शमशुद्दीन आला. त्यो हिरवा पाला धुवायचा, वाडग्यात गोडं तेल, उसाचा आंबट शिरका, मीठ, मोहरीची पूड घुसळायचा आणि पाल्यावर वतायचा. झालं सालीट! चूल न्हाय, जाळ न्हाय. आणि सरकार म्हणायचं, "वा, शमशुद्दीन!" कोशिंबिरीचं नावच निघंना.

"कच्चं तेल!" मौला घरी येऊन फणफणायचा. "डोस्क्याला लावायचं ते ताटात!"

बायको खैरुनबी भाकरी थापत म्हणायची, "अवं, तुमी रोज चटणीवर काय वतून घेताय? तूप?"

"माझं ताट येगळं, सरकारांचं येगळं. तू गप थाप."

एकदा शमशुद्दीन भाचीच्या लग्नाला बेळगावला गेला, आणि नेमका धरणावरचा इंजिनेर साहेब दुपारच्या जेवणाला आला. सरकारांनी मौलाला बोलावलं.

"सालीट जमंल न्हवं? जमलं तर दुसरा आचारी कशाला पोसू? समदा मुदपाक तुझ्या एकट्याचा."

मौलाला दाराआडनं बघून बघून पाठच झालतं. तेल, शिरका घुसळला, पाल्यावर वतला. अगदी तस्संच जमलं. चव बघितली आणि त्याचं टाळकं सरकलं. सरकार आता 'वा' म्हणणार, पर ती 'वा' त्या बेळगाववाल्याची! त्यानं पळीत तेल कडकडीत तापवलं, मोहरी, हिंग, मिरची टाकली आणि दिली वरनं वतून. चर्रर्र! पाला मेल्यागत खाली बसला.

साहेबानं काट्यानं उचलून बघितलं आणि ताट बाजूला सारलं.

"मौला, ह्ये काय?"

"कोशिंबीर हाय, सरकार."

"तुला सालीट सांगितलतं की!"

"व्हय. पर ह्या घरात फोडणी माझी हाय."

शमशुद्दीन परत आला त्यो मुख्य आचारी म्हणूनच. मौला मरस्तवर मटणापुरता राहिला. साहेबांच्या टेबलावरनं सालिटाचं वाडगं परत आलं, की कुणी बघत न्हाय बघून त्यो तळाचं एक पान उचलायचा. लई वेळ चावायचा. आणि घरी जाऊन खैरुनबीला सांगायचा, "आज शिरका जास्तच झालता."