जिन्यातला जोड

नव्वदीच्या दशकात आम्ही माधवनगरात भाड्यानं राहायचो. खाली घरमालक, वर आम्ही. स्वयंपाकघरात आमचा पहिला फ्रिज आला आणि थोड्याच दिवसांत मला त्याची धास्ती वाटायला लागली. फरशी पुसून अनवाणी गेलं, की त्याच्या दाराला हात लावताच बोटांत मुंग्या यायच्या. नवरा चपला घालून हात लावायचा आणि म्हणायचा, "मला तर काहीच होत नाही."

एका सकाळी आमची दोन वर्षांची लेक ओल्या पायांनी फ्रिजला धरून उभी राहिली आणि किंचाळून मागं पडली. लागलं काही नव्हतं, पण तिचं रडं थांबेना. मी आधी प्लग काढला.

नवरा पहिल्या पाळीला गेला होता. सासरे पलूसहून आले होते. लष्करात असताना त्यांनी वायरिंगचीच कामं केलेली. माझ्याशी मात्र ते कामापुरतंच बोलत. त्यांनी नातीचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि एका होल्डरला दोन वायरी जोडून बल्ब लावला. त्या वायरी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, बल्ब पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटेना. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, तरी नाही.

"अर्थिंगच न्हाई," ते म्हणाले. "फ्रिजातनं गळणारा करंट जमिनीत जायला वाटच न्हाई. सगळी वायर ॲल्युमिनियमची हाय. कुठला तरी जोड गेलाय. हुडकाय लागंल."

दोन्ही मजल्यांचा मेन स्विच खाली, मालकांच्या पडवीत होता.

"तू खाली जा. मेन बंद कर, फ्यूज काढून हातात धर. मी सांगितल्याबिगर कुणालाबी देऊ नगं. माझा हात उघड्या तारंवर असणार."

लेकीला मालकीणबाईंकडे देऊन मी फ्यूज मुठीत धरून उभी राहिले. वरून स्क्रू पडल्याचा आवाज येत होता. एवढ्यात नळाला पाणी आलं आणि मालक अंगणातून तसेच ओल्या पायांनी आत आले.

"वैनी, फ्यूज लावा. पाण्याची मोटार सोडायची हाय."

"काका, जरा थांबा. मामंजींचा हात बोर्डात आहे."

"मग काढा म्हणावं हात! पाणी गेल्यावर काय करू? आणा हिकडं."

त्यांनी हात पुढं केला. मी मूठ पाठीमागं नेली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. "नाही देणार," मी म्हणाले.

"घर माझं हाय!"

"मामंजी!" मी वर हाक मारली. उत्तर आलं नाही. आवाजही थांबला होता. मालकही वर बघायला लागले.

मग जिन्यातून शांत आवाज आला, "इकडं या जरा."

सासरे जिन्यात, वायरींचे जोड असतात त्या डब्यापाशी उभे होते. अर्थिंगच्या ॲल्युमिनियमच्या वायरीला कुणीतरी तांब्याची वायर नुसती पिळून वर काळी पट्टी गुंडाळली होती. त्यांनी पट्टी सोडली तशी पांढरी भुकटी झडली आणि वायरीचं टोक त्यांच्या बोटांत तुटून आलं. शेजारचा करंटचा जोडही तसाच पिळलेला. त्याचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं.

"आवं, आग लागली असती की," मालक पुटपुटले.

"व्हय. आन् तुमच्या मोटारीचं अर्थिंगबी हितूनच गेलंय."

मालक खालच्या पायरीवर बसले. रोज ओल्या अंगणात ते त्या मोटारीला हात लावत होते. त्या दिवशी आम्ही पाणी बादल्यांनी भरलं.

दुपारी मालक स्वतः सांगलीला जाऊन कनेक्टर घेऊन आले. सासऱ्यांनी वायरी चकचकीत होईपर्यंत खरवडल्या आणि दोन्ही जोड नव्यानं केले. मी फ्यूज लावून मेन चालू केला. या वेळी वरच्या भोकाशी बल्ब लख्ख पेटला.

सासरे अनवाणी पायांनी फ्रिजपाशी गेले आणि उलट्या हातानं दाराला शिवले. "आता तू."

माझा हात पुढं होईना. ते आपला हात तिथंच ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळानं मी बोट टेकवलं. गार पत्रा, बाकी काही नाही.

पुढं दिवाळीनंतर मालकांनी सगळं वायरिंग बदललं. तोवर मी स्वयंपाकघरात चपला घालूनच वावरायचे आणि लेकीला तिकडं फिरकू द्यायचे नाही.