पाच नंबरचा औषधवाला

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला, इस्त्रीवाली वजनकाट्यावर उभी राहते आणि काट्याला शिव्या घालते. मनातल्या मनात, कारण मोठी सिस्टर वही घेऊन शेजारीच उभी असते. दोन दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते हा काटा चारचौघांत सांगतो. दीड किलो वाढलं तर सिस्टर नुसतं लिहून घेते. अडीच वाढलं की विचारते, "मावशी, कुणाच्या लग्नाला गेला होतात?"

मग डायलिसिसची चार नंबरची खुर्ची. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली आहे, तिला इथे सगळे फिस्टुला म्हणतात. बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. रोज सकाळी डोळे उघडले की इस्त्रीवाली आधी ते मांजर जिवंत आहे का बघते, मग तोंड धुते. एकदा ते गप्प झालं होतं. आत गुठळी. त्या वेळी पुन्हा ऑपरेशन, आणि तीन आठवडे मानेत नळी. या शिरेत दोन सुया जातात, दाभणाच्या धाकट्या बहिणी म्हणाव्यात अशा. चार तास रक्त बाहेर जातं, मशीनमधून धुऊन परत येतं. मधेच पोटरीत असा गोळा चढतो की शहाण्या माणसाच्या तोंडून नको ते शब्द निघावेत. ते संपलं की सुया काढून दहा मिनिटं दाबून बसायचं, आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी जायचं.

सहा वर्षं हे असं चाललंय. दिवसाला पाण्याची एक छोटी बाटली, त्यावर मुलीने मार्करने रेघा मारलेल्या. एवढ्यावरही ती लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर जातेच, मंगळवारी आणि गुरुवारी, फक्त कॉलर आणि बाह्यांचं काम. वाफेत उभं राहायचं, दुसऱ्यांचे शर्ट कडक करायचे आणि घसा कोरडा ठेवायचा. कुणी म्हणालं की घरी बस ना आता, तर ती म्हणते, "घरी बसून काय करू, नळाकडे बघू?"

हे सगळं कुणामुळे झालं, याबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती.

लाँड्रीच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. दिवसाचे दहा तास उभं राहून तिचे गुडघे गेले तेव्हा ती तिथे गेली. काउंटरमागे औषधवाला बसलेला असायचा, गुळगुळीत दाढी, पांढराशुभ्र शर्ट, तोही हिनेच इस्त्री केलेला. गल्लीत त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि तो कुणाची चूक दुरुस्त करत नसे. त्याने काचेच्या बरणीतून सुट्या गोळ्या काढून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. गुडघे गप्प झाले. दुसऱ्या वर्षी तिने विचारलं, "रोज घेते, पुढे काही त्रास नाही ना व्हायचा?" त्याने मोबाइलवरून नजरही न काढता सांगितलं, "घे गं. काही होत नाही." पाचव्या वर्षी पुन्हा विचारलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवू का म्हणून. तो म्हणाला, "तो हेच देणार आणि वर चार तपासण्या सांगणार."

अकरा वर्षं. मग एके दिवशी पाय सुजले, तोंड सुजलं, आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय. इस्त्रीवालीने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या, आणि बाईंना दुसरं काही कारण सापडलं नाही.

तिची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्याच वर्षी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या शाखेत बोलावलं होतं. तिने नाही कळवलं आणि आईला सांगितलं, "मलाच जायचं नव्हतं." इस्त्रीवालीने तो एकच खोटेपणा मुलीला माफ केलाय. त्याचं पापही तिने औषधवाल्याच्याच डोक्यावर लिहून ठेवलं. त्यानंतर ती त्या दुकानावरून कधी गेली नाही. लाँड्रीत मागच्या दाराने जायची, लांबून वळसा घालून, गुडघे दुखत असताना.

आणि या वर्षी, एका बुधवारी, तो पाच नंबरच्या खुर्चीत येऊन बसला.

दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, मानेत नळी, त्यावर चिकटपट्टी. डोळ्यांत नव्या माणसाची ती भीती, जी पहिल्या महिन्यात सगळ्यांच्याच असते. इस्त्रीवालीला आनंद झाला. असं सांगणं बरं दिसत नाही, पण झाला. त्या दिवशी तिच्या पोटरीत गोळा आला नाही, की आला आणि तिला कळला नाही, कोण जाणे.

त्याने तिला ओळखलं नाही. सहा वर्षांत तिचा रंग काळवंडला होता, अंगावरचं मांस उतरलं होतं. शिवाय काउंटरपलीकडची बाई त्याने नीट पाहिली होतीच कधी? दुकानात तो तिला 'तू' म्हणायचा. इथे खुर्च्या एकसारख्या, म्हणून वळून म्हणाला, "ताई, तुम्हाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"फार त्रास होतो का हो?"

इथे खरं तर कुणीही नव्या माणसाला धीर देतं. तीन नंबरचे मास्तर तर सगळ्यांना सांगतात की शाळेत पोरं सांभाळण्यापेक्षा हे सोपं आहे. इस्त्रीवालीने धीर दिला नाही. तिने ठरवलं की याला आपणही गोळ्या द्यायच्या. एका दिवशी एक. खोट्या नाहीत हं. सगळ्या अस्सल.

पहिल्या दिवशी तिने त्याला तहान सांगितली. शुक्रवारी मानेतल्या नळीबद्दल, तिथून जंतू शिरले की कशी थंडी वाजून येते आणि दात एकमेकांवर कसे आपटतात. सोमवारी खाज, जी खाजवून जात नाही कारण ती कातडीखाली असते. मग हाडं ठिसूळ होतात ते. मग फळांचं, म्हणजे एखादं फळ जास्त खाल्लं तर हृदय कसं विचारल्याशिवाय थांबू शकतं ते. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि ती शेवटी अगदी मायेने म्हणायची, "घाबरू नका. काही होत नाही."

एवढं म्हणूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नसे, याचाच तिला जास्त संताप यायचा.

मास्तरांनी एकदा हळूच विचारलं, "बाई, तुम्ही त्याला शिकवताय की छळताय?"

"दोन्ही."

घरी मुलीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सोड ना. तोही भोगतोच आहे."

"भोगतोय, पण कशाचं ते त्याला कुठे माहितीये?" इस्त्रीवाली म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. माझ्यामुळे झालं म्हणून. मग सोडते."

यात खोट काही नव्हती. तिला त्याचा पैसा नको होता, त्याचा जीवही नको होता. तिला ते एक वाक्य हवं होतं, आणि ते मिळण्याआधी यांच्यापैकी कुणीतरी मरेल अशी तिला धास्ती होती. या खोलीत खुर्च्या अधूनमधून रिकाम्या होतात आणि आठवड्याभरात भरतात.

मग तो सोमवार आला. सोमवार वाईटच. मधे रविवार धरून जास्तीचा एक दिवस जातो, सगळे फुगून येतात, मशीनला जास्त पाणी ओढावं लागतं. तिसऱ्या तासाला औषधवाल्याने जांभई दिली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी, जबडा निखळेल अशी.

बाहेरच्या माणसाला वाटेल, झोप आली असेल. इस्त्रीवालीला माहीत होतं की या खुर्चीत अशी जांभई म्हणजे रक्तदाब तळाला चाललाय. ती स्वतः दोनदा तशी गेली होती, दोन्ही वेळा मास्तरांनी हाक मारली म्हणून परत आली. औषधवाल्याचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. मोठी सिस्टर खोलीच्या पार त्या टोकाला, कुणाच्या तरी बोंबलणाऱ्या मशीनशी झटत होती. मास्तर पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. बघणारी एकटी हीच.

ती बघत राहिली. किती वेळ, ते तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. चौथी जांभई आली आणि अर्ध्यावरच थांबली, मान कलली. आणि तिच्या मनात आलं की हा आता असाच, न कळता, झोपेत गेल्यासारखा जाईल. सुटेल. एक शब्द न बोलता सुटेल.

"सिस्टर," ती ओरडली, "पाच नंबर!"

सिस्टर धावत आली. खुर्ची आडवी झाली, पाय वर गेले, नळीतून सलाईन सोडलं. पाच मिनिटांनी औषधवाल्याने डोळे उघडले. सिस्टरने त्याला सांगितलं, की मावशींचे आभार माना, मला कळायच्या आत त्यांना कळलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने हात लांब केला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मला सख्ख्या बहिणीसारख्या आहात."

हे मात्र तिच्याने ऐकवेना. "मला ओळखलं नाहीत अजून," ती म्हणाली. "लाँड्रीत दुसरं टेबल. तुमचे शर्ट मी करायचे. अकरा वर्षं तुमच्या बरणीतल्या गोळ्या खाल्ल्या मी, सकाळी एक, संध्याकाळी एक."

ओळख पटली ती आधी त्याच्या ओठांना, ते थरथरले. तो म्हणाला, "मीही त्याच खायचो. पाठीसाठी. त्याच बरणीतल्या."

सहा वर्षं इस्त्रीवालीने एक बदमाश सांभाळून ठेवला होता, आणि त्या जागी हा निघाला, स्वतःच्याच हाताने स्वतःला खड्ड्यात घालणारा. आता याच्यावर चिडायचं तरी कसं? मशीनचं चाक फिरल्याचा आवाज येत होता आणि तिला क्षणभर रडू फुटेल असं वाटलं.

"मला माहीत नव्हतं हो, ताई," तो म्हणाला. "देवाशपथ माहीत नव्हतं."

आणि तिला तिचा राग सापडला, जागच्या जागी, आधीपेक्षा धारदार.

"मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं. दोनदा विचारलं. तेव्हा म्हणायचं होतं ना, माहीत नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी गेले असते दुसरीकडे. तुम्ही वर मान न करता सांगितलंत, काही होत नाही. तुम्ही स्वतः काय खाल्लंत ते तुमचं तुम्ही बघा."

मग तिने पुढचा प्रश्न टाकला.

"दुकान बंद केलंत?"

"मुलगा बघतो."

"आणि बरणी?"

तो छताकडे बघू लागला. तेवढ्याने तिला कळायचं ते कळलं.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली. "आपला सुटीचा दिवस. अकरा वाजता लाँड्रीत यायचं. पुढच्या दाराने. सहा बाया उभ्या असतात, त्यांतल्या चौघी तुमच्याकडून नेतात. त्यांना सांगायचं."

"ताई, दुकान बसेल हो. मुलाला दोन लहान पोरं आहेत."

"मलाही एक पोर आहे."

"नाही आलो तर?"

"नका येऊ," इस्त्रीवाली म्हणाली. "मग बुधवारी तुम्ही जांभई दिलीत की मी झोपलेली असेन."

मास्तर जागे झाले होते. त्यांनी पेपर पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

तो आला. अकराला पाच मिनिटं असतानाच आला, मुलाच्या खांद्याला धरून. मुलाला तिने दाराबाहेर उभं केलं. आत वाफ, गरम सुताचा वास, सहा इस्त्र्या. तिने त्याला मधल्या मोकळ्या जागेत आणलं आणि बायकांना म्हणाली, "डॉक्टरांना काहीतरी सांगायचंय."

तो बोलू लागला. आधी आपली पुटपुट. ती म्हणाली, "मोठ्याने. मागच्या टेबलावर ऐकू जात नाही." त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "वरची बटणं काढा, नळी दाखवा." त्याने बटणं काढली. "माझं सांगितलं नाहीत अजून." त्याने तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं की या बाईंनी मला विचारलं होतं आणि मी विचार न करता उत्तर दिलं, यांचं हे माझ्यामुळे झालं. त्याचा आवाज फाटला. एक एक करून सगळ्या इस्त्र्या थांबून स्टँडवर उभ्या राहिल्या.

मागच्या टेबलावरची पोरसवदा बाई, जिला कामाला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, तिने कमरेची गोळ्यांची पुडी काढून समोर ठेवली. म्हणाली, "मग डॉक्टर, गुडघ्याला आता घेऊ तरी काय?"

सवयीने त्याचं तोंड उघडलं. मग त्याने इस्त्रीवालीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "मोठ्या इस्पितळात दाखवा. मी डॉक्टर नाही."

हे ऐकून जिवाला थंड वाटेल असं इस्त्रीवालीला सहा वर्षं वाटत आलं होतं. तसंच वाटलं. खोटं कशाला सांगा? दया येईल, पोकळ वाटेल, असलं लोक सांगतात ते काही झालं नाही. दिवसभराची बाटली एका दमात प्यायल्यासारखं झालं.

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. मुलाने हात पुढे केला. औषधवाला हात जोडून म्हणाला, "झालं ना, ताई, समाधान? आता तरी सोडलंत ना मला?"

मुलीला दिलेला शब्द तिला आठवला. पाळायची इच्छा काही होईना.

"पुढच्या मंगळवारी समोरच्या शिवणकारखान्यात," ती म्हणाली. "तिथे चाळीस जणी आहेत, आणि मशिनी फार खडखडतात. घसा जपून ठेवा."