ईस्ट स्टँडमधून परत आलेला बॉल

मंडळी, भुताखेताचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठणारी बाई आहे. आमच्या सांगलीच्या घरी मांजर आडवं गेलं तर आई मांजरावरच ओरडायची, पण थांबायची नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला हसलं तरी राग नाही... मीही हसून बघितलंय, जमत नाही.

मी दुबईजवळ उम्म अल कुवैनमध्ये एका बेसबॉल टीमची ऑपरेशन्स मॅनेजर आहे. नाव भारदस्त, काम म्हणजे खेळाडूंचे व्हिसा, बस, बर्फ, कपड्यांची धुलाई आणि वारा सुटला की मैदानाबाहेरची वाळू मैदानाबाहेरच ठेवणं. लीग छोटी आहे. इथे क्रिकेटसाठी लोक जीव टाकतात, बेसबॉल कुणाला कळत नाही. इंडस्ट्रियल एरियातल्या लेबर कॅम्पात मी फुकट पास वाटायला जाते, तर आपले कोकणातले लोक विचारतात, "मॅडम, ओव्हर किती?" स्टॉलवर हॉट डॉग पडून राहतात आणि वडापाव संपतो.

त्यात बॉलची वेगळीच गंमत. बेसबॉलमध्ये बॉल प्रेक्षकांत गेला की ज्याच्या हाती लागेल त्याचा. खुशाल घरी न्यायचा. मी माइकवर घसा फोडून सांगते, "बॉल आप रख सकते हैं!" पण क्रिकेटवर वाढलेली माणसं ती... बॉल आला की उठायचं आणि मैदानात परत फेकायचा.

या सगळ्यांत पुढे सुमतीकाकी. टीमचे मालक देसाईकाका, शारजात कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा. काकी त्यांच्या पत्नी. टीम घेतली तीच मुळी काकींच्या हट्टापायी. थर्ड बेस म्हणजे धाव घेतानाचा तिसरा थांबा, त्याच्या बाजूला ईस्ट स्टँड आहे, तिथे त्या एकट्या बसायच्या, पायात स्पोर्ट्स शूज, मांडीवर चकल्यांचा डबा. बॉल आला की डाव्या हाताने, खालून, बरोब्बर एक टप्पा टाकून थर्ड बेसच्या खेळाडूकडे. मी कितीदा सांगितलं, "काकी, तो ठेवायचा असतो."

"अगं, मुलं खेळतायत ना अजून? मग त्यांचा बॉल मी कशी ठेवू?"

वर एक चकली माझ्या हातात ठेवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात काकी अचानक गेल्या. काकांनी मैदानावर येणंच सोडलं. नवा सीझन सुरू झाला आणि त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. म्हणाले, "वैशाली, टीम विकतोय. मला तिथे बसवत नाही गं." दुबईतले एक अस्लमभाई टीम घ्यायला तयार होते. ते सगळं तिकडे हलवणार, स्टाफही स्वतःचाच ठेवणार. म्हणजे ड्रायव्हरपासून माझ्यापर्यंत आम्ही सगळे खलास. मला काकांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं. दोन्ही गिळून मी "ठीक आहे काका" म्हटलं.

सौदा पक्का करण्याआधी अस्लमभाईंना टीम खेळताना बघायची होती. शनिवारी दुपारी काका त्यांना घेऊन आले. लख्ख ऊन होतं, गर्दी नेहमीसारखी मूठभर. ईस्ट स्टँड यंदा आम्ही बंदच ठेवलाय. वर जायला एकच जिना, त्याच्या दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. आम्ही तिघं खेळाडूंच्या बाकाशेजारी सावलीत उभे होतो. काका मुद्दाम त्या स्टँडकडे पाठ करून फोनवर बोलत होते.

एक फटका चुकला आणि बॉल थेट ईस्ट स्टँडमध्ये गेला. खुर्च्यांवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. आता कुलूप काढून शोधायला जावं लागणार म्हणून मी मनात वैतागले. अंपायरने दुसरा बॉल काढून तो टाकणाऱ्या पिचरला दिलासुद्धा... आणि मग तो पहिला बॉल स्टँडमधून बाहेर आला. सावकाश, खालून टाकल्यासारखा. एक टप्पा — आणि थर्ड बेसच्या मातेओच्या हातात.

मातेओने स्टँडकडे बघून टोपीला हात लावला.

मला मात्र तिथे रिकाम्या खुर्च्याच दिसत होत्या. खुर्चीवर आपटून उसळला असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण इतक्या वेळाने? काकांना सांगावं तर कसं सांगावं? टीम विकली तर माझी नोकरी जाणार, हे त्यांना माहीत. नोकरी वाचवायला ही बाई माझ्या गेलेल्या बायकोचं नाव वापरतेय, असं त्यांना वाटलं असतं तर? मी पर्समधली किल्ली आणखी आत सरकवली.

पण मातेओला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मूळचा कोलंबियाचा, नुकताच आलेला, काकींचा फोटोही त्याने पाहिला नव्हता. डाव संपल्यावर तो पाणी प्यायला आला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "टेल द लेडी, शी कॅन कीप द बॉल." मग हसून पुढे, "गुड आर्म. लेफ्टी."

काकांनी फोन खाली घेतला. मातेओकडे बघितलं, मग सीझनमध्ये पहिल्यांदाच वळून स्टँडकडे. वर कुणी नव्हतं. ते काही विचारत बसले नाहीत, नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली.

मागोमाग मीही जिन्यापर्यंत गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. पायऱ्यांवर वाळूचा थर, त्यावर एकही पाऊल नाही. काका चढून गेले तेव्हा पहिली पावलं त्यांचीच उमटली. मी खालीच थांबले. वर जाणं बरं दिसलं नसतं.

मातेओला मी नंतर खोदून खोदून विचारलं. उन्हामुळे चेहरा नीट दिसला नाही म्हणतो. एक बाई उठली, बॉल टाकला आणि बसली, एवढंच. मी त्या खुर्च्यांवर स्वतः बॉल आपटून बघितले. एकही मैदानापर्यंत परत गेला नाही. याला काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही, आणि कुणी शास्त्रीय कारण सांगितलं तर मी मनापासून ऐकेन.

काका बऱ्याच वेळाने उतरले. डोळे लाल होते, पण चेहरा निवळला होता. अस्लमभाई कागद तयार ठेवून उभेच होते. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"सॉरी हबीबी. आज नहीं होगा. घर में पूछना पड़ेगा."