उपरण्याखालचा भाव

गेनूतात्यांनी आयुष्यात कधी कुठल्या वस्तूची किंमत तोंडाने केली नाही. बाजार बैलांचा असो की जिलबीचा, ते समोरच्याचा उजवा हात हातात घेत, वर खांद्यावरचं उपरणं टाकत आणि आत बोटं दाबून भाव करत. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच; शेकडा की हजार, ते समोरच्या मालावरून समजून घ्यायचं. जिलबीवाल्याला हे काही झेपायचं नाही. तो ओरडायचा, "तात्या, भाव पाटीवर लिवलाय की!" तात्या शांतपणे म्हणत, "पाटीवरचा भाव गावाला, बाबा. माझा मला सांग."

तात्या माझ्या वडिलांचे बालमित्र आणि काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, पण तात्या आले की भांडणारी माणसं सुद्धा हात पुढे करून उभी राहत. "उघड्यावर भाव केला की गरजवंताची गरज समद्या बाजाराला दिसती," असं ते म्हणत. "उपरन्याखाली ती दोघांतच ऱ्हाती." त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "खोड आधी, मोल मागनं. मोल झाल्यावर खोड कळली, तर ती बैलाची न्हाई, आपली." एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा बैल विकायला उभा केला आणि गिऱ्हाईकाला पहिलं वाक्य सांगितलं, "ह्यो डाव्या अंगानं लाथ मारतो." मेव्हणा पुढची दिवाळी त्यांच्या घरी जेवला नाही.

बोटांची भाषा मला त्यांनीच शिकवली. मी लहान असताना ते लिमलेटच्या गोळ्या आणत आणि उपरण्याखाली सौदा करत. मी दरवेळी पंजा दाबायची, ते तीन बोटं दाबत. मी पुन्हा पंजा, ते पुन्हा तीन. "संगे, लई हावरी हायेस," म्हणत आणि तीनच देत.

आमच्या दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळं वैभव एका जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरात होतं. मिरजगावच्या बाजूच्या आमच्या छोट्या गावात असं हत्यार दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दसऱ्याला नांगर, कोयता, विळा यांच्या मधोमध ते झेंडूच्या पाकळ्यांत ठेवलं जाई आणि मग दादा गोष्ट सांगत: आजोबांनी नगरच्या गोऱ्या साहेबाला बिबट्यापासून वाचवलं, आणि साहेबाने कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या हातात दिलं. निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. लोकांना तो वैताग, दादांना ती वरात. कडक इस्त्रीचे कपडे घालून जात. एका निवडणुकीत ठाण्याकडून बोलावणं आलं नाही, तर दादा आपणहून गेले आणि "आमचं राहिलं का?" असं विचारून आले. आम्ही घरात हसलो होतो. पण बिबट्याच्या गोष्टीला मी कधी हसले नाही. शाळेत ती मी प्रत्येक मैत्रिणीला सांगितली होती.

दादा दोन वर्षांपूर्वी गेले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे रिव्हॉल्व्हर घरात ठेवता येईना. ते नगरच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा केलं. त्याच सुमाराला आईचा खुबा मोडला. तिला गाव सोडायचं नव्हतं, आणि गावच्या घरात खालच्या मजल्यावर ना खोली ना न्हाणीघर. विकायचं ठरलं. मी नगरला औषधांचं दुकान चालवते. गोळीचा भाव मला कळतो, पण या गोळ्यांचा नाही. मी तात्यांना म्हटलं, "भाव वाजवी मिळतोय की नाही, एवढं बघायला चला." तात्या म्हणाले, "मला बंदुकीतलं काय कळतंय? पर देनाऱ्याचं त्वांड कळतंय. येतो."

गिऱ्हाईक श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपाचे मालक अभिजितशेठ, परवानाधारक आणि जुन्या वस्तूंचे शौकीन. दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा. त्याने रिव्हॉल्व्हर उघडून आतली सहा घरं दाखवली. तात्यांनी वाकून बघितलं. "सा दाती हाय म्हना की," बैलाचे दात मोजावेत तसं ते म्हणाले. दुकानदार हसला. घडण विलायतेची, नंबर जुळणारे, चालण्यात चांगलं, पण मूळची झिलई गेलेली आणि पॉलिश नंतर केलेलं. "म्हंजी शिंगं तासल्याली," तात्या म्हणाले. परदेशी हत्यारं आता बाहेरून येत नाहीत, म्हणून जुन्यांना मोल. तरी या अवस्थेत तीन लाख वाजवी, असं दुकानदाराने सांगितलं.

अभिजितशेठ म्हणाले, "मी पाच देतो. पण नुसत्या लोखंडाचे नाहीत. त्या बिबट्याच्या गोष्टीचे. तात्या, तुम्ही त्या काळचे. तुम्ही फक्त म्हणा की गोष्ट खरी आहे. तुमचा शब्द मला बास."

मला पाचात आईची खोली दिसली, न्हाणीघर दिसलं, वर फरशीही दिसली.  तात्यांनी माझा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि आत तीन बोटं दाबली.

मला वाटलं, तात्या चुकले. मी पंजा दाबला. त्यांनी पुन्हा तीन बोटं दाबली, या वेळी घट्ट, दुखेल इतकी. मी पुन्हा पंजा. पुन्हा तीन. माझा संताप झाला. ज्यांना आमच्या बाजूने आणलं तेच आमचा भाव पाडायला बसले होते. मी हात हिसडून घेतला, उपरणं ओढून खाली टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, ते पाच देतायत. तुम्ही तीन का दाबताय?"

बैलबाजारात असं कुणी करत नाही. सौदा आवडला नाही तर माणूस हात हळूच काढून घेतो, उपरणं ज्याचं त्याला उचलू देतो. हे मला गोळ्यांच्या वयापासून माहीत होतं.

तात्यांनी वाकून उपरणं उचललं, झटकलं, पण खांद्यावर टाकलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "शेठ," ते म्हणाले, "बिबट्या बी खोटा आन सायब बी खोटा. हे दादानं इकत घेतलं. त्येच्या म्हाताऱ्या बाची खिलार जोडी मीच काष्टीला इकून दिली, त्या पैशानं. गाव हसाय लागलं, पोरानं बैल उडवलं म्हनून; पैसं कशात गेलं ते कुनाला ठावं नव्हतं. दादा घराभाईर पडंना. तवा दसऱ्याला ही गोष्ट मीच सांगितली. म्हातारा तिथंच बसला हुता. कायबी बोलला न्हाई. जलमात एकच खोड झाकली मी. आन ती बी बैलाची नव्हं, दोस्ताची."

वारस म्हणून सही करायला आलेली आई बाकावर काठी धरून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "मला ठावं हुतं, तात्या. नवी सून व्हते मी. सांच्याला वैरन टाकाय गेले, तर गोठ्यात दावी मोकळी, आन ह्यांच्या पेटीत हे."

म्हणजे आजोबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, तात्यांना माहीत होतं. तिघांनी मिळून एका माणसाची लाज जन्मभर झाकून ठेवली होती, आणि ती भर दुकानात मी उघडी पाडली. त्या क्षणी मला दादांची लाज वाटली. परतताना गाडीत, अर्ध्या वाटेत, मला माझी वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. तात्यांनी मला न बोलता वाट काढून दिली होती. तीनवर मान हलवली असती तर गोष्ट खरी की खोटी हे कुणी विचारलंही नसतं.

अभिजितशेठनी तीन दिले. न्हाणीघर झालं, खोली राहिली. आई माजघरातच खाट टाकून झोपते.

त्यानंतर तात्या बाजारात बसले नाहीत. बाहेर कुणाला काही कळलं नव्हतं. लोक म्हणत, म्हातारा थकला. मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, "तात्या, कुणी काही म्हणत नाही तुम्हाला." ते म्हणाले, "लोकं म्हनंनात का. दुसऱ्याच्या बैलाचे दात बघताना मला माझे आटवतात." मी ओढणी हातावर टाकून हात पुढे केला, लहानपणी करायची तसा. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "आता नगं, संगे." मग औषधाच्या दुकानाची चौकशी केली, आईच्या खुब्याची केली, मला चहा प्यायला लावला. वाईट एवढंच वाटलं की ते माझ्यावर जराही रागावले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

या दसऱ्याला आईला घेऊन नगरकडे येताना पेट्रोल टाकायला थांबले, तर तो नेमका अभिजितशेठांचा पंप. ऑफिसात पाटावर, झेंडूच्या पाकळ्यांत आमचं रिव्हॉल्व्हर. भोवती दहा-बारा माणसं, उसाच्या गाडीवाल्यांपासून पाहुण्यांपर्यंत. "या ताई, तुमच्याच घरची वस्तू," शेठ म्हणाले आणि गोष्ट पुढे चालू केली. तीच. गोरा साहेब, बिबट्या, आजोबा. वर म्हणाले, "खोटं नाही सांगत. काष्टीच्या गेनूतात्यांनी स्वतः शब्द दिलाय."

 गप्प बसणं सोपं होतं. दादांची पत राहिली असती, शेठांचा सण गोड झाला असता, आणि आईला परत एकदा खाली मान घालून बसावं लागलं नसतं. पण तात्यांचा शब्द आता त्यांच्यामागे, त्यांनी नाही म्हटलेल्या गोष्टीसाठी वापरला जात होता, आणि तो परत घ्यायला ते येणार नव्हते.

"तात्यांनी शब्द दिला नव्हता," मी म्हणाले.  "त्यांनी खोड सांगितली होती. आमच्या दादांनी आजोबांचे बैल विकून हे आणलं. बिबट्या नव्हता."

 शेठ पाटाकडे बघत राहिले. आईने माझ्या दंडावर हात ठेवला. रागाने की आधाराला, मला कळलं नाही. कोपऱ्यातल्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "बैल कसे हुते?"

"खिलार. पांढरी जोडी."

"मोल कुनी केलं हुतं?"

"गेनूतात्यांनी."

"मग वाजवीच झालं आसंल," म्हातारा म्हणाला, आणि त्याने आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं.