महरीनची बातमी, महरीनची गोष्ट

अक्षया गोताड मूळची पालीची. जयगडजवळच्या आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती बदली होऊन आली, तेव्हा चौथीच्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला ‘माझी आई’ हा निबंध लिहून दाखवला. सगळ्यांची आई पहाटे उठून सडा घालत होती आणि तुळशीला पाणी घालत होती. महरीनचीसुद्धा.

“काय गो महरीन, तुझी अम्मी तुळशीला पाणी घालते?”

“नाही बाई. ती मासळी सुकवते.”

“मग तसं का नाही लिहिलंस?”

“निबंधात तसं नसतं,” महरीन ठामपणे म्हणाली.

अक्षया हसली नाही. पाठ केलेले निबंध तिने बाजूला ठेवले आणि मुलांना लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार शिकवायला घेतले. नळाला पाणी येणार नसेल तर सूचना. आंबे विकायचे तर जाहिरात. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून मुलाखत. ती सांगायची, “जाहिरातीत थोडी बढाई चालते, सूचनेत नाही. गोष्टीत मासा बोलला तरी चालेल, पण बातमीत तो कुणीतरी पाहिलेला हवा.”

बातमीच्या बाबतीत ती फार कडक होती. कोण, काय, कुठे, कधी, आणि तुला कुणी सांगितलं? हे शेवटचं उत्तर नसेल तर ती अफवा, बातमी नव्हे. मुलांच्या बातम्या जेटीजवळच्या फळ्यावर लागू लागल्या.

मुख्याध्यापक गुरुप्रसाद सरांना हे पटत नव्हतं. “मॅडम, चौथीची पोरं ती. आधी शुद्धलेखन तरी येऊ दे.”

“लिहावंसं वाटायला लागलं की तेही येईल, सर.”

दिवाळीनंतर एकदा अचानक वारा सुटला. रात्री गेलेल्या बोटी सकाळी परतल्या, पण महरीनचे अब्बा अयूब ज्या बोटीवर होते ती आली नाही. शाळा भरेपर्यंत वाडीतल्या सगळ्या मोबाइलवर ‘बोट बुडाली’ असा मेसेज फिरत होता. महरीनची अम्मी रहिमा आणि इतर बायका जेटीवर रडत बसल्या होत्या. महरीनला शेजारणीने शाळेत आणून सोडलं.

अक्षयाने तिला जवळ घेतलं. बोटीचे मालक तहाभाई यांना फोन लावण्यासाठी ती नंबर शोधू लागली, तेव्हा महरीनने डोळे पुसले.

“बाई, मी विचारू?”

अक्षयाने नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

“चाचा, बोट कुठे आहे?”

“खाडीच्या तोंडापासून लांब. इंजिन बंद पडलंय, बेटा. दुसरी बोट बांधून ओढत आणतेय.”

“माणसं?”

“सगळी बोटीवर आहेत. बरी आहेत.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या अब्बानेच. आत्ताच वायरलेसवर बोललो मी त्याच्याशी.”

महरीन खाली बसून लिहू लागली. पहिलं वाक्य होतं, ‘मला खूप भीती वाटत होती.’ ते तिने स्वतःच खोडलं आणि बोटीपासून सुरुवात केली. शेवटी लिहिलं, ‘ही माहिती बोटीचे मालक तहाभाई यांनी फोनवर दिली.’

तो कागद घेऊन सगळा वर्ग जेटीवर गेला. वर्गातल्या दिशाचा आवाज खणखणीत, तिने बातमी मोठ्याने वाचली. बायकांचं रडणं थांबलं. रहिमाने ‘कुणी दिली’ ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि मग लेकीला छातीशी धरलं.

संध्याकाळी बोट आली. सगळे सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी महरीन अक्षयाच्या टेबलाशी उभी राहिली. “बाई, मला वाटलेली भीती बातमीत बसली नाही. ती कुठे लिहायची?”

“तिची गोष्ट लिही. तिथे सगळं बसतं.”

पालकांच्या सभेत महरीनने ती गोष्ट वाचली. ‘त्या दिवशी माझ्या पोटात समुद्र शिरला होता,’ अशी तिची सुरुवात होती. त्यात अम्मी मासळी सुकवत होती आणि मुलगी समुद्राशी भांडत होती. वाचून झाल्यावर अयूब उठून उभे राहिले.

“बाई, वाऱ्यात मी घाबरलो नव्हतो,” ते म्हणाले. “हे ऐकताना घाबरलो. माझ्या पोरीला एवढं लिहिता येतं, मला ठाऊकच नव्हतं.”

मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलेली अक्षया मान ताठ करून महरीनकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

सभा संपल्यावर गुरुप्रसाद सर तिच्यापाशी आले.

“मॅडम, असाच तिसरीचाही वर्ग कधी घेता?”

“सोमवारपासून,” ती म्हणाली. “जाहिरातीने सुरुवात करते. बढाई त्यांना आधीच येते.”